आई एकटी राहते, गॅस चालूच राहतो. इंडक्शन घ्यावं की सेफ्टीवाली शेगडी?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

आई ७६ वर्षांची, सांगलीत एकटी राहते. मी आणि भाऊ दोघंही बाहेरगावी. धुण्याभांड्याला मावशी येतात, पण स्वयंपाक आईचाच. त्यात कुणाची लुडबुड तिला खपत नाही. अलीकडे दोन प्रकार घडले. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच येत राहिला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून बरं; आईला हल्ली वास कमीच येतो. दुसऱ्यांदा आमटी तापत ठेवून ती देवळात गेली. पातेलं काळंठिक्कर.

शेगडी दोन बर्नरची, काचेची. सिलिंडर ओट्याखाली, पाइपचा गॅस अजून आलेला नाही. भाऊ म्हणतो सरळ इंडक्शन घेऊ. आईचा एकच प्रश्न: "त्यावर भाकरी फुगते का?" यावर आमच्याकडे उत्तर नाही. ज्यांच्या घरी असं वयस्कर माणूस आहे त्यांनी काय केलं?

ओटा_आणि_मी:
तुमच्याकडे घडलेले दोन प्रकार वेगळे आहेत, म्हणून उपायही वेगळे. ज्योत विझून गॅस येत राहतो त्यासाठी फ्लेम फेल्युअर डिव्हाइस असतं, दुकानदार त्याला एफएफडी म्हणतात. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते. ज्योतीने ती तापलेली असेल तोवरच गॅस सुटतो. ज्योत गेली की दांडी निवते आणि थोड्या वेळात गॅस आपोआप बंद. ओट्यात बसवायच्या हॉबमध्ये हे सहज मिळतं, सुट्या शेगडीत शोधावं लागेल.

पण आमटीच्या प्रसंगी याचा काडीचा उपयोग नाही. ज्योत व्यवस्थित पेटलेली होती, मग ते कशाला बंद होईल? दुकानात "फुल्ली सेफ" म्हणून गळ्यात मारतात ते याचसाठी सांगतोय. पेटता गॅस विसरण्यावर टायमर लागतो. काही हॉबच्या बर्नरला तो येतो, पण विचारून घ्या की वेळ संपल्यावर गॅस बंद होतो की नुसतं पीं पीं वाजतं. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये बसणाऱ्या ऑनलाइन वस्तू मात्र तुमच्या गॅस एजन्सीला विचारल्याशिवाय लावू नका.

रोजची_पोळी:
आमच्या सासूबाईंना इंडक्शन दिलं. दूध, चहा, आमटी, भात सगळं त्यावर. टायमर लावला की स्वतः बंद होतं आणि भांडं उचललं तरी तापवणं थांबतं. काच मात्र भांड्याच्या उष्णतेने तापलेली राहते, हात लावू नये. भाकरीचं म्हणाल तर सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो, तव्यावर भाजून फडक्याने दाबली तर बऱ्यापैकी फुगते. विस्तवावरची सर येत नाही हे खरं, वांगं भाजणं तर विसराच.

प्लग ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटला लावू नका. २००० वॉटचं यंत्र जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून ओट्यापाशी काढून घ्या.

धागाकर्ता:
आईची निम्मी भांडी हिंडालियमची आहेत. शिवाय तिला पेसमेकर आहे, हे लिहायचं राहिलं.

रोजची_पोळी:
हिंडालियम आणि तांबं साध्या इंडक्शनवर तापत नाही. लोहचुंबक घेऊन मांडणीसमोर उभे राहा. ज्याच्या बुडाला चिकटेल ते चालेल. स्टीलची सगळीच चिकटत नाहीत. पेसमेकरसाठी साधारण दोन फूट अंतर ठेवायला सांगतात, पण ओट्याशी उभं राहून ढवळताना ते कसं जमणार? आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, मगच खरेदी.

कृष्णाकाठ:
मग तुमच्या बाबतीत हॉब आणि टायमरच बरा दिसतोय. जोडीला गळती ओळखणारा अलार्म लावा, आईंना वास येत नाही म्हणून तर नक्कीच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. त्यामुळे अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने तो छताजवळ ठोकला होता! ती जागा पाइपच्या गॅससाठी, कारण तो हलका असतो. पुढे पाइपलाइन आली की अलार्म वर न्या. शेगडीचे जेटही (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रांचे भाग) तेव्हा बदलावे लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच.

नळीवरची तारीखही बघून घ्या. सुरक्षा होज साधारण पाच वर्षांनी बदलतात. ओट्याखालच्या कपाटाला दारं असतील तर खाली हवा खेळायला जाळी हवी.

काकूंनाही सांगून ठेवा: वास आला तर दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचं, कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही. दारंखिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर येऊन १९०६ ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

धागाकर्ता:
मनापासून आभार. एक शंका राहिली. एफएफडीचं बटण पेटवताना दाबून धरावं लागतं असं वाचलं. आईची बोटं सांधेदुखीने आखडलेली आहेत.

ओटा_आणि_मी:
हो, काही सेकंद दाबून धरावं लागतं, लगेच सोडलं तर ज्योत जाते. मॉडेलगणिक फरक असतो, म्हणून आईंनाच दुकानात न्या आणि चालू जोडणी असलेल्या हॉबवर त्यांच्याच हाताने पेटवून बघा.