एकटीने अ‍ॅनिमेशन शॉर्टफिल्म करायचीय, फक्त ओपन सोर्स वापरून. सुरुवात कुठून करू?

रेघोटी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करायचीय, एकटीनेच. गोष्ट साधी आहे, आजी नातवाच्या शर्टाला बटण लावायला बसते, सुईत दोरा काही जात नाही, आणि नातू शेजारीच बसलाय पण मोबाईलमधून मान वर काढत नाही. संवाद जवळपास नाहीतच. माझ्या अंदाजाने चार मिनिटांची होईल. चित्रं बऱ्यापैकी काढता येतात, पेन टॅबलेट आहे, लॅपटॉप मात्र साधाच, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर नकोय. फिल्मला दोन वर्षं लागली तर दोन वर्षं भाडं भरायचं, आणि बंद केलं की आपल्याच फाईल्स आपल्याला उघडता येत नाहीत, हे मला पटत नाही. दोन आठवडे ब्लेंडर (थ्रीडीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) शिकले, सगळे नवशिके सरावाला करतात तो डोनटही केला, पण त्या डोनटपासून माझ्या आजीपर्यंत कसं पोचायचं तेच कळेना. तिथे घोडं अडलंय. कुठलं सॉफ्टवेअर धरू? आणि अशा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फिल्म फेस्टिवलला पाठवता येते ना, हक्क माझाच राहतो ना?

पेन्सिलटोक:
तुमचा हात चित्राचा आहे तर या फिल्मपुरतं थ्रीडीच्या वाटेला जाऊच नका. क्रिटा घ्या, चित्रं काढायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात टाइमलाइन आहे, ओनियन स्किन आहे (मागचं पुढचं चित्र फिकट दिसतं ते), आणि ५.० पासून स्टोरीबोर्डचं पॅनेलही आलंय. एक पथ्य मात्र पाळायचं, एक शॉट एक फाईल. अख्खी फिल्म एका फाईलमध्ये कोंबलीत तर ८ जीबीत मशीन गुदमरणार. कॅनव्हास १९२० बाय १०८० च्या वर नेऊ नका.

दुसरं म्हणजे ओपनटून्झ. टून्झ हे मूळ इटलीतलं व्यावसायिक सॉफ्टवेअर, जपानचा घिबली स्टुडिओ वर्षानुवर्षं वापरत आलेला, २०१६ मध्ये द्वांगो या जपानी कंपनीने ते घेऊन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात रंग पॅलेटला बांधलेले असतात, म्हणजे शंभर चित्रं रंगवून झाल्यावर आजीची शाल निळी नको तपकिरी हवी असं वाटलं तर पॅलेटमध्ये एकदा बदलायचं, सगळ्या चित्रांत बदलते. एकट्या माणसाला हे वरदान आहे. पण एक्सशीट (कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र ते मांडायचा तक्ता) अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. टाहोमा२डी ही त्याचीच शाखा, ती मला जास्त सुटसुटीत वाटते. सिनफिग कटआउटसाठी (सुटे तुकडे हलवून केलेलं अ‍ॅनिमेशन) चांगलं आहे, तुमच्या कामाचं नाही.

निळीशाई:
पेन्सिलटोक, थोडा असहमत. ब्लेंडर म्हणजे थ्रीडीच असं नाहीये. नवीन फाईल घेताना टूडी अ‍ॅनिमेशन निवडलं की समोर कोरा कागद येतो आणि ग्रीस पेन्सिलने थेट रेघ मारता येते. फरक एवढाच की तो कागद अवकाशात उभा असतो. समजा सुईच्या नेढ्यातून आजीचा डोळा दिसतोय आणि कॅमेरा हळूहळू मागे येतोय असा शॉट आहे. सुई एका कागदावर, डोळा तिच्या मागे दुसऱ्या कागदावर, कॅमेरा सरकवला की नेढं लहान होत जातं आणि त्यातून दिसणारा चेहराही आपोआप सरकतो. क्रिटात हे चित्र चित्र काढत बसावं लागेल.

आणि ब्लेंडरचा धसका घेऊ नका. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला फ्लो ब्लेंडरमध्येच केलाय, रेंडरही (म्हणजे अंतिम फ्रेम्स तयार करणं) त्यातल्याच ईव्ही या इंजिनने, जे ब्लेंडरच्याच सायकल्स या दुसऱ्या इंजिनपेक्षा कितीतरी वेगवान आहे. फक्त डाउनलोड करण्याआधी हार्डवेअरच्या अटी बघून घ्या, फार जुन्या ग्राफिक्स चिपवर नवीन आवृत्ती उघडतच नाही.

फ्रेमोफ्रेम:
दोघांचंही बरोबर आहे, पण रेघोटी, मी म्हणेन की सॉफ्टवेअर ठरवायची अजून वेळच आलेली नाही. आधी हिशोब करा. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, सेकंदाला २४ च्या वेगाने ५७६० फ्रेम्स. टूजवर केलं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स टिकवलं, तरी २८८० चित्रं. एका चित्राला रेघ आणि रंग मिळून २० मिनिटं धरा, ९६० तास झाले. रोज दोन तास बसलात तर ४८० दिवस, एकही दिवस न चुकता. माझी पहिली फिल्म याच खड्ड्यात गेली. साडेचार मिनिटांची होती, जेमतेम चाळीस सेकंद झाले आणि हात थांबला, अजून तशीच पडून आहे आणि फोल्डर दिसलं की आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळेला मी आधी अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांची नमुना फिल्म) केलं आणि ते पक्कं होईपर्यंत एकही शॉट सुरू केला नाही. साध्या काडीच्या माणसांची चित्रं, कागदावर काढून मोबाईलने फोटो काढले तरी चालतात, केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावायची, खाली कच्चा आवाज टाकायचा आणि एखाद्याला दाखवायचं. तो कुठे चुळबूळ करतो ते बघायचं. मला चार मिनिटांची वाटत होती ती गोष्ट एक मिनिट चाळीस सेकंदात सांगून झाली आणि काहीच कमी पडलं नाही. कापलेला प्रत्येक सेकंद म्हणजे टूजवरची बारा चित्रं वाचली.

आता तुमचा सुईचा शॉट, तुमची फिल्म तिथेच आहे. स्वतः सुई-दोरा घेऊन बसा आणि मोबाईलवर शूट करा. टोक ओठांत धरून ओलं करतो, दोन बोटांत पीळ देतो, सुई उजेडाकडे धरतो. आजी असेल तर ती सुई जवळ आणणार नाही, उलट हात लांब करेल आणि मान मागे नेईल, कारण जवळचं दिसत नाही. मग श्वास रोखते. आणि टोक नेढ्याच्या बाजूने निसटतं तेव्हा बोटं तिथल्या तिथे थांबत नाहीत, थोडी पुढे जातात मग थांबतात. हे ‘थोडी पुढे जातात’ जमलं की बघणाऱ्याला ती आजी खरी वाटते. आणि श्वास रोखलेला आहे तेव्हा बाकी सगळं स्थिर, फक्त दोऱ्याचं टोक थरथरतंय, ती तीन चित्रं आलटून पालटून फिरवली तरी पाच सेकंद निघतात. म्हणजे सगळ्यात ताणाचा क्षण सगळ्यात कमी चित्रांत होतो.

कानसेन:
हक्काचं उत्तर देतो. ब्लेंडर, क्रिटा यांचं जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स त्या प्रोग्रामला लागू असतं, तुम्ही काढलेल्या चित्राला नाही. फिल्म पूर्णपणे तुमची, विका, फेस्टिवलला पाठवा, कोणाला विचारायची गरज नाही. अडचण येते ती आवाजात. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर फाईल मिळते म्हणून ती कशीही वापरता येते असं नाही, प्रत्येक फाईलचं लायसन्स वेगळं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी झिरो (हक्क सोडलेले) असेल तर बिनधास्त घ्या, बीवाय असेल तर श्रेयनामावलीत नाव द्यायचं, आणि एनसी असेल तर कमाईच्या कामाला चालत नाही, ते आत्ताच बाजूला ठेवा, पुढे कोणी फिल्म विकत मागितली तर अडकाल. फाईल उतरवली त्याच मिनिटाला तिचा पत्ता, नाव आणि लायसन्स एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवायचं.

खरं तर तुमच्या फिल्मला बाहेरचे आवाज फारसे लागणारच नाहीत. बटणांच्या डब्यात बोटं फिरवल्याचा आवाज, दोरा दाताने तोडल्याचा, खुर्ची करकरते तो, हे घरातच पांघरुणाखाली मोबाईल धरून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करा. पांघरुणाने खोलीचा घुमारा जातो.

रात्रपाळी:
एकच सांगतो कारण मी ठेच खाल्लीय. रेंडर कधीच थेट व्हिडिओ फाईलमध्ये करू नका, पीएनजीची चित्रमालिका काढा. मी एमपीफोर निवडून रात्री लावून झोपलो, पहाटे लाईट गेली, सकाळी फाईल होती पण उघडेना, साडेसात तास पाण्यात. पीएनजी असत्या तर झालेल्या सगळ्या फ्रेम्स हातात राहिल्या असत्या आणि पुढच्या फ्रेमपासून परत सुरू केलं असतं. ब्लेंडरमध्ये ओव्हरराइटची खूण काढून टाका, मग जी फ्रेम फोल्डरमध्ये आहे ती तो परत करत नाही. मात्र शेवटची अर्धवट लिहिलेली फ्रेम हाताने डिलीट करा. नंतर केडेनलाइव्हमध्ये मालिका जोडली की व्हिडिओ दोन मिनिटांत तयार होतो, आणि एखादा शॉट सुधारला तर तेवढ्याच फ्रेम्स बदलायच्या.

रेघोटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गायब होते कारण फ्रेमोफ्रेम यांनी सांगितलं तसं अ‍ॅनिमॅटिक करत होते. कागदावर ३४ चित्रं काढली, मोबाईलने फोटो, केडेनलाइव्ह. चार मिनिटांची दोन मिनिटं पाच सेकंद झाली. सुरुवातीला घर दाखवणारे तीन शॉट होते ते बहिणीला दाखवताना तिने ‘हे कशाला’ विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, काढून टाकले. सुईचा व्हिडिओ आईचा काढला, तिने खरंच हात लांब केला! आता नेढ्यातला एक शॉट ग्रीस पेन्सिलमध्ये आणि बाकी सगळं क्रिटात असं ठरवलंय. फक्त दोन्हीकडची रेघ वेगळी दिसेल अशी भीती आहे.

फ्रेमोफ्रेम:
दिसेल, म्हणून तो एक शॉट सगळ्यात आधी करून टाका. क्रिटातला साधा, दाबाप्रमाणे फक्त जाडी बदलणारा ब्रश घ्या, पोत असलेला नको, ग्रीस पेन्सिलची रेघ मुळात गुळगुळीत असते. दोन्हीकडे आजीचा तोच चेहरा काढा, शेजारी शेजारी ठेवा, जाडी जुळेपर्यंत बदलत राहा आणि तो आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा. कागदाचा पोत हवाच असेल तर शेवटी केडेनलाइव्हमध्ये पूर्ण फिल्मवर एकच टेक्श्चर टाका, मग दोन्ही एकाच हाताचं वाटतं. जमलं की ती दोन चित्रं इथे टाका, बघायला आवडेल.