मदत हवी आहे: इकोस्पोर्ट डिझेलसाठी जाणकार मेकॅनिक (पुणे)

फोर्ड इकोस्पोर्ट, १.५ डिझेल, २०१६ची, ९२ हजार किमी. गाडी ठणठणीत आहे, पण टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा) अजून मूळचाच, तो बदलायचा आहे. कोथरूडमधल्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हात पुसले आणि सरळ सांगितलं, "ताई, लॉकिंग पिना नाहीत माझ्याकडे. नुसत्या खुणा करून बसवायचं धाडस नको." (बेल्ट बदलताना इंजिन जागचं हलू नये म्हणून ह्या पिना लावतात.) माणूस खरा! दुसरा "सगळ्या गाड्या सारख्याच" म्हणाला, तिथून मीच निघाले. बेल्ट चुकला की व्हॉल्व्ह-पिस्टन भिडतात, मग इंजिनच उघडा.

अधिकृत सेंटरचं कोटेशन घेतलंय. बेल्टचं किट नाना पेठेतून मी आणेन. गाडी फक्त शनिवारी देता येईल. वाघोली-चाकण लांब पडतं.

ह्याच इंजिनचा बेल्ट बाहेर कोणी बदलून घेतलाय का? पिना लावून केलं का, वॉटर पंपही बदलला का, आणि मजुरी किती लागली?