मदत हवी आहे : १९३१ च्या फोर्ड कूपेचे छत तीन इंच उतरवले आणि उजवे दार बसेना

नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते आणि माझा हात तिथेच बसला. गेली अठरा वर्षे मी दक्षिण कॅलिफोर्नियात एका टूलरूममध्ये काम करतो आणि अडीच वर्षांपासून घरच्या गॅरेजमध्ये १९३१ सालच्या फोर्ड मॉडेल ए कूपेची (दोन दारांच्या, बंद छताच्या गाडीची) जुन्या वळणाची हॉट रॉड बांधतो आहे. काम आता अशा ठिकाणी अडले आहे की पुढचे पाऊल चुकले, तर हाताने घडवलेला पत्रा पुन्हा कापावा लागेल. म्हणून पत्र्याचे आणि बॉडी बांधणीचे काम केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे. इथले ओळखीचे लोक 'तयार फायबरची बॉडी घे' असे सांगतात, पण ती मला घ्यायची नाही.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॉट रॉडची परंपरा याच भागातली आहे. जुनी स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून ती हलकी करायची, तिच्यात जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे आणि म्युरॉक किंवा एल मिराजसारख्या कोरड्या तलावाच्या सपाट तळावर तिचा वेग मोजायचा, हा इथल्या तरुणांचा नाद १९३० च्या दशकात इतका वाढला की १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. १९४९ पासून यूटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही या गाड्या धावू लागल्या. छत उतरवणे, म्हणजे इकडच्या भाषेत 'चॉप', ही मुळात दिसण्यासाठी केलेली गोष्ट नव्हती. गाडीचा वाऱ्याला आडवा येणारा भाग कमी झाला की त्याच इंजिनावर वेग वाढत असे. १९५५ मध्ये शेव्हरोलेचे नवे छोटे व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन) आले आणि फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेडचे, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या इंजिनाचे, दिवस संपत गेले, म्हणून मी त्या वर्षाच्या पुढचा एकही भाग किंवा रीत या गाडीत घेणार नाही, असे ठरवले आहे.

मॉडेल ए मध्ये मूळचे चार सिलिंडरचे ४० अश्वशक्तीचे इंजिन असते. त्याच्या जागी मी १९५० सालचे २३९ घनइंचाचे, १०० अश्वशक्तीचे फ्लॅटहेड व्ही-एट घेतले आहे. त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर, मागे १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० चे हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढे चार इंच खाली वाकवलेला एक्सल अशी जुळणी आहे. या बाबतीत सध्या काही अडचण नाही. अडचण चासी आणि बॉडी यांच्यामध्ये कुठेतरी आहे.

मॉडेल ए ची चासी उघड्या सी चॅनेलची आणि बारीक असते. व्ही-एटचा भार तिला झेपावा म्हणून मी दोन्ही रेलना (चासीच्या लांब बाजूंना) आतून पट्ट्या वेल्ड करून त्या पेटीसारख्या बंद केल्या आणि मध्ये एक्स-मेंबर (एक्स आकाराचा आधार) घातला, ज्याला अजून फक्त टाके (तात्पुरते छोटे वेल्ड) मारलेले आहेत. हे काम गॅरेजमध्ये चार स्टँडवर केले. रेलमधले दोन्ही कर्ण मोजले तेव्हा ते तंतोतंत सारखे होते. त्यानंतर बॉडी वर नुसती ठेवून दारे लावून पाहिली. दोन्ही दारांच्या फटी सगळीकडून पाच मिलिमीटर होत्या आणि दार एका बोटाने ढकलले तरी बंद होत होते. मग कापताना बॉडी हलू नये म्हणून तिचे सर्व बोल्ट पूर्ण आवळले, आतून एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा उभा करून तो दारांच्या चौकटींना आणि काउलला (पुढच्या काचेखालच्या भागाला) वेल्ड केला आणि नंतरच खांबांना करवत लावली.

मॉडेल ए चे खांब जवळजवळ सरळ उभे असल्यामुळे तीन इंचांचा चॉप त्यामानाने सोपा समजतात. प्रत्येक खांबावर वर-खाली दोन रेघा मारल्या, मधला तुकडा काढला आणि चौघांनी मिळून छत खाली ठेवले. पुढचे दोन्ही खांब नीट जुळले. मागचा डावाही जुळला. दाराच्या मागचा उजवा खांब मात्र साधारण चार मिलिमीटर बाहेर राहिला. खांबाच्या निमुळतेपणामुळे असे होत असावे असे समजून मी तो रॅचेटच्या पट्ट्याने आत ओढला आणि टाके मारले. नंतर गॅसने अर्धा-अर्धा इंच वेल्ड करत, जोड लाल असतानाच आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीने ठोकत गेलो, म्हणजे आकसलेला पत्रा पुन्हा ताणला जाईल. ही रीत मी मन लावून शिकलो आहे. त्या चारही जोडांवरून बोट फिरवले, तर जोड कुठे आहे ते कळत नाही.

मग आतला सांगाडा काढला आणि उजवे दार बसेना. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट जेमतेम एक मिलिमीटर उरली आहे आणि त्याच दाराच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात ती नऊ मिलिमीटर झाली आहे. पुढच्या काचेच्या चौकटीचे कर्ण मोजले, तर त्यांत दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक निघाला. डाव्या दारात बिघाड असा दिसत नाही, फक्त वरची फट किंचित कमी वाटते.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की हा वेल्डिंगच्या आकसण्याचा परिणाम आहे, की बॉडी आधीपासूनच पिळलेली होती आणि कापल्यावर ते उघडे पडले? आकसण्याचा परिणाम असेल तर खांब ठोकून ताणता येईल. पीळ असेल तर ठोकून काहीच होणार नाही, उलट चांगला पत्रा नासेल.

दुसरा प्रश्न शिशाच्या भरणीचा आहे. जोडांवर पुट्टी न लावता मी जुन्या पद्धतीने शिसे भरतो आहे. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की क्षणात सगळे भांडे पांढरे व्हायचे. इथे पत्र्याला पहिला हात देतो तो तसाच असतो, आणि तो मला जमला आहे. पण त्यावर शिशाचा थर चढवताना उभ्या खांबावरून ते घरंगळून खाली पडते. लाकडी पॅडलला मेण लावून दाबू पाहतो तेवढ्यात ते पाण्यासारखे पातळ होते. उजव्या मागच्या खांबावर कसेबसे भरले आहे. बाकीचे तीन खांब उघडेच आहेत.

कृपया ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत बॉडी बांधणी विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपली गाडी वेगळी असली तरी चासीवर बॉडी चढवण्याचे गणित सगळीकडे एकच असते. आपण मापे काळजीपूर्वक दिली आहेत, त्यामुळे उत्तर बरेचसे त्यांतच आहे.

कर्ण सारखे आले म्हणजे चासी काटकोनात आहे एवढेच कळते. चारही कोपरे एका पातळीत आहेत की नाहीत हे कर्णावरून कळत नाही. चौरंगाचा माथा काटकोनात असला तरी तो जमिनीवर डुगडुगू शकतो, तसेच हे आहे. इकडच्या जुन्या बंगल्यांच्या गॅरेजप्रमाणे आपल्याही गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असेल, तर चार स्टँडपैकी एखादा थोडा खाली राहिला असणार. त्यात आपल्या फोर्डला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे असतात, म्हणजे ती चाकांवर उभी असते तेव्हा तिचा भार दोन्ही क्रॉसमेंबरच्या (चासीच्या पुढच्या व मागच्या आडव्या दांड्यांच्या) मध्यावर येतो. आपण तिला चार कोपऱ्यांवर धरून वेल्ड केले. उघडा चॅनेल सहज पिळतो, आणि पट्ट्या व एक्स-मेंबर बसले की तो पीळ आत कायम होतो.

आता पुढचे पाहा. बॉडी नुसती ठेवलेली असताना दारे उत्तम बसत होती, याचा अर्थ बॉडी सरळ होती. बोल्ट आवळल्यावर ती चासीच्या पिळाप्रमाणे वाकली आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत आपण आतला सांगाडा वेल्ड केला. कापल्यावर छत मोकळे झाले आणि आपल्या मूळ आकारात गेले, पण खालचा भाग वाकलेलाच राहिला. चार मिलिमीटर बाहेर राहिलेला तो खांब आपल्याला हेच सांगत होता. त्याला पट्ट्याने ओढायला नको होते.

तरीही माझ्या म्हणण्यावर न जाता तपासणी करा. पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि चासीच्या चारही कोपऱ्यांवर एकाच ठिकाणी खूण करून पातळी मोजा. त्यानंतर बॉडीचे बोल्ट मागून पुढे क्रमाने सैल करा आणि प्रत्येक बोल्टनंतर दाराची फट आणि काचेच्या चौकटीचे कर्ण लिहून ठेवा. सैल केल्यावर कर्णातला फरक कमी झाला तर दोष चासीचा आहे. काहीच बदलले नाही तर दोष वेल्डिंगचा. तोवर खांबाला हातोडी लावू नका.

प्रतिसाद २

मी नाशिकला जुन्या गाड्यांचे पत्र्याचे काम करतो. पहिल्या प्रश्नावर वरच्या काकांनी सांगितले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. शिशाबद्दल लिहितो.

आपण बहुधा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचे साठ टक्के कथील असलेले डाख वापरत आहात. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि थोडेच पुढे गेले की पूर्ण पाणी होते. त्यामुळे पॅडलने थापायला वेळच मिळत नाही. बॉडीच्या कामाला तीस टक्के कथील आणि सत्तर टक्के शिसे असलेली कांडी लागते. तीही १८३ अंशांलाच मऊ होऊ लागते, पण पूर्ण पातळ व्हायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या सत्तर अंशांत ती मळलेल्या कणकेसारखी राहते आणि उभ्या पत्र्यावरही थापता येते. ज्योत मोठी आणि मऊ ठेवा, सतत हलवत राहा, आणि कांडीवर रोखण्यापेक्षा पत्र्यावर फिरवा.

कल्हईचा हात दिल्यावर आम्लाचा अंश राहिला तर वर्षभराने रंगाखाली फुगवटे येतात, म्हणून खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती जागा नीट धुवा. भरलेले शिसे फक्त मोठ्या दात्यांच्या कानशीने उतरवा. त्याला ग्राइंडर किंवा सँडर कधीही लावू नका, कारण ती धूळ श्वासातून आत जाते. गॅरेजचे दार उघडे ठेवा, मास्क घाला आणि कामाचे कपडे घरात नेऊ नका.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

काका, आपले आणि नाशिकच्या मित्राचे मनापासून आभार. कालची आणि आजची संध्याकाळ तपासणीत गेली. मापे जशीच्या तशी देतो.

पाण्याच्या नळीने पाहिल्यावर चासीचा मागचा उजवा कोपरा इतर तिघांच्या मानाने दीड सूत खाली निघाला. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार आहेच आणि तो स्टँड त्याच कोपऱ्यात होता. बोल्ट सैल करत गेलो तेव्हा पहिल्या दोघांनी काही फरक पडला नाही. मागचा उजवा बोल्ट सुटताच बॉडी त्या जागी चासीपासून चार मिलिमीटर वर उचलली गेली आणि हे सर्व माझ्या डोळ्यांसमोर झाले. काचेच्या चौकटीच्या कर्णातला फरक दोन सुतांवरून पाऊण सुतावर आला. दाराची वरची फट तीन मिलिमीटर झाली. उरलेला फरक त्या ओढलेल्या खांबाचा असणार.

एक्स-मेंबरला फक्त टाके होते हे आता फार उपयोगी पडले. ते टाके घासून काढले, चासी पुढच्या आणि मागच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर टेकवली आणि मागच्या उजव्या कोपऱ्याखाली जॅक लावून चारही कोपरे नळीच्या पातळीत आणले. आता एक्स-मेंबर त्याच अवस्थेत, एका जागी दोन इंचांहून जास्त न तापवता, उलटसुलट बाजूंनी वेल्ड करतो आहे. दर वेल्डनंतर पातळी पाहतो. आज रात्रीपर्यंत ती हललेली नाही.

बॉडीखाली पाचर घालून भागवता येईल का, असाही विचार मनात आला होता. पण चासी पिळलेलीच राहिली असती आणि मला ते मान्य नाही.

आता एकच अडचण उरते. उजवा मागचा खांब जोडावर पुन्हा कापून त्याला त्याच्या जागी मोकळा बसू द्यायचा आहे, पण नेमक्या त्याच खांबावर मी शिसे भरून बसलो आहे. शिसे राहिलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, छिद्रे पडतात. ते गरम करून कापडाने पुसून काढले तरी जोडाच्या आतल्या बाजूला काही उरेल अशी धास्ती वाटते. ते कसे काढावे?

प्रतिसाद २ कडून

पुसून काढण्यावर भरवसा ठेवू नका, कारण कथील पत्र्याच्या पृष्ठभागाशी एकजीव झालेले असते. मऊ ज्योतीने शिसे सुटेल तेवढे सोडवा आणि जाड सुती कापडाने पुसून घ्या. नंतर जिथे कल्हई पोहोचली आहे त्याच्या अर्धा इंच वरून आणि अर्धा इंच खालून कापून खांबाची तेवढी पट्टीच काढून टाका. तिच्या जागी एक मिलिमीटर जाडीच्या नव्या पत्र्याची पट्टी हाताने वळवून बसवा. दोन जोड होतील, पण दोन्ही स्वच्छ असतील. खांब मोकळा असताना त्याला कशानेही ओढू नका. दार बंद करून त्याच्या कडेला सगळीकडून पाच मिलिमीटरची लाकडी पट्टी सरकेल असे पाहा आणि मगच पहिला टाका मारा.