‘कॅलिफोर्नियात डिझाइन’ छापता, मग साचा कोणी घडवला तेही छापा

हिंगणा_डायवाला
काल आपल्याच नागपूरच्या एका पोराने ॲपलची 2013 ची जुनी जाहिरात टाकली. त्यात लोक डोळे मिटून गाणी ऐकतात, वर्गात मुलं आयपॅडवर बोटं फिरवतात, आणि शेवटी ‘ही आमची सही’ म्हणत ओळ येते, ‘ॲपलने कॅलिफोर्नियात डिझाइन केलेलं’. खाली याने लिहिलं, “खरं काम हे आहे. बाकी चीन असो की तामिळनाडू, तिथे नुसते स्क्रू आवळतात. आपण स्क्रू आवळणारेच राहणार.” अन् त्याले टाळ्या वाजवणारेही आपलेच. रात्री झोप नाही लागली, म्हणून लिहून राह्यलो.

मी बावीस वर्षांपासून एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे बनवतो. दोन महिन्यांपूर्वी बाहेरच्या शहरातून एका डबीचं ड्रॉइंग आलं. चारही भिंती काटकोनात, ड्राफ्ट म्हणजे भिंतीचा उतार शून्य. ज्याने एकदा तरी साचा उघडताना पाहिला आहे त्याला माहीत आहे, प्लास्टिक थंड होताना आकसतं अन् कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याला, घट्ट धरून बसतं. भिंतीला थोडा उतार नसला तर पार्ट बाहेर काढणाऱ्या इजेक्टर पिना ढकलतात तिथे पांढरे डाग पडतात, नाही तर पार्टच फाटतो. वरून आतली रिब, म्हणजे आधाराची पट्टी, भिंतीइतकीच जाड. म्हणजे बाहेरच्या चकचकीत अंगावर सिंक मार्क येणारच, बोट फिरवलं की खळगा लागतो. मी फोन केला. उत्तर आलं, “डिझाइन फ्रीझ झालंय, आता बदल नाही.”

तीन ट्रायल वाया गेल्या. मग परवानगी मिळाली. आम्ही एक अंश ड्राफ्ट दिला, रिब निम्म्यावर आणली, प्लास्टिक आत शिरायचा गेट दिसणार नाही अशा जागी नेला. माझ्या पॉलिशवाल्या काकांनी साच्याची पोकळी, कॅव्हिटी, दोन दिवस हाताने घासली. पार्ट निघाला तो काचेसारखा. डबीवर काय छापून आलं? अमुक शहरात डिझाइन केलेलं.

याला स्क्रू आवळणं म्हणता? 2017 मध्ये ॲपलचा तेव्हाचा प्रमुख टिम कुकने स्वतः चीनमध्ये भर सभेत सांगितलं होतं, की अमेरिकेतले टूलिंग इंजिनिअर, म्हणजे साचे-हत्यारं घडवणारे, जमवले तर एक खोलीसुद्धा भरेल की नाही शंका आहे, अन् चीनमधले जमवले तर फुटबॉलची मैदानं भरतील. माणूस माझ्याच धंद्याबद्दल बोलत होता. अन् त्याच कंपनीचा मॅक प्रो संगणक टेक्सासमध्ये ऑस्टिनला बनवायला घेतला तेव्हा एका खास स्क्रूसाठी काम रखडलं. तिथलं मशीन शॉप दिवसाला जास्तीत जास्त हजार स्क्रू देऊ शकत होतं. स्क्रू आवळायलाही आधी स्क्रू बनवणारा लागतो भाऊ.

धरमपेठ_ते_पुणे
दादा, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. मी प्रॉडक्ट डिझायनर आहे, आणि ‘शून्य ड्राफ्टवाला’ म्हणून आमची सगळी जमात मोजू नका.

चार वर्षांपूर्वी आम्ही साखर तपासायचं यंत्र केलं. संधिवात असलेल्या लोकांसाठी. फोमचे चाळीस नमुने कापले मी, माझ्या आईच्या हातात एकेक देऊन. तिचा अंगठा पहिल्या सांध्यात वाकत नाही. बटण दोन मिलिमीटर खाली घेतलं तेव्हा तिने पहिल्यांदा दुसऱ्या हाताचा आधार न घेता ते दाबलं. साचा बनण्याआधीचं हे सात महिन्यांचं काम कुठल्याच ड्रॉइंगवर दिसत नाही. ते फसलं असतं तर पगार आमचा बुडणार होता, साचे बनवणाऱ्या टूलरूमचा नाही.

आणि पैसा कुठे जातो ते बघा. आयफोन 4 चा हिशोब क्रेमर, लिंडन आणि डेड्रिक यांनी 2011 मध्ये मांडला होता. किमतीतला 58.5 टक्के वाटा ॲपलचा नफा, चीनमधल्या मजुरीचा 1.8 टक्के. त्या मुलाची भाषा चुकली, मान्य. पण तो म्हणतोय ते हेच. आपण 1.8 च्या रांगेत किती दिवस उभं राहायचं?

हिंगणा_डायवाला
1.8 हा आकडा तू मजुरीची किंमत म्हणून सांगून राह्यला. मी म्हणतो ती किंमत नाही, तो सौदा आहे. ज्याच्या हातात छापायचा ठसा, त्याने ठरवलेला सौदा.

टूलरूमचा पगार बुडत नाही हे तुले कोणी सांगितलं? मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने अर्धा साचा झाल्यावर प्रोजेक्ट बंद केला. स्टील कापून झालेलं, स्पार्किंगचे इलेक्ट्रोड बनलेले. ॲडव्हान्सवर बोळवण केली. तो कापलेला ब्लॉक अजून माझ्या दारात गंजत पडला आहे, ये पाहायला.

बर्डी_मोबाइल
दोघंही ज्ञानी आहात, पण गिऱ्हाईक काय म्हणतं ते मी रोज ऐकतो. माझं दुकान बर्डीवर आहे. आजवर एकानेही विचारलं नाही की हा डिझाइन कुठे झाला. विचारतात, “भैया, हा इंडियावाला आहे की बाहेरचा?” डब्याच्या मागची बारीक अक्षरं मोबाइलची टॉर्च लावून वाचतात. ‘असेम्बल्ड इन इंडिया’ दिसलं की चेहरा पडतो. मागच्या महिन्यात एक साहेब सील न तोडता डबा परत घेऊन आले, म्हणे दुबईचा मागवतो. तोच मॉडेल, तीच चिप. काय फरक आहे विचारलं तर म्हणे, “फिनिशिंग.” सील तर तोडलंच नव्हतं!

2017 मध्ये बंगळुरूला आयफोन एसई जुळायला लागला तेव्हापासून हे ऐकून राह्यलो. आता श्रीपेरुंबुदूर, कोलार, एवढे मोठे प्लांट झाले, तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही. अन् तीच माणसं माझ्या दुकानासमोरच्या ठेल्यावरून ‘असली नागपुरी’ संत्री म्हणून चकचकीत किन्नो, ते संत्र्यासारखंच दुसरं फळ, पिशवी भरून घेऊन जातात!

एम्प्रेसचा_नातू
ही लाज जुनी आहे. ब्रिटनने 1887 मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव छापायला लावलं ते जर्मन माल हलका आहे हे लोकांना कळावं म्हणून. जर्मनांनी माल इतका सुधारला की तोच शिक्का मानाचा झाला. माझे आजोबा इथल्या एम्प्रेस कापड मिलमध्ये सूत कातायच्या रिंग फ्रेमवर होते. जमशेटजी टाटांनी ती मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, यंत्रं विलायतेची. पण आजोबा सांगायचे, उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत सूत तुटायचं, आणि हवेत ओल किती ठेवायची ते खात्यातल्या माणसांना कातडीवर कळायचं. ते कुठल्या नकाशात होतं? आज टाटाच कोलारला आयफोन जुळवतात.

वरूडची
बर्डीवाल्या दादांनी किन्नोचं नाव काढलं म्हणून. माफ करा, विषय दुसरा आहे, पण माझ्या मनात वर्षानुवर्षं साचलेलं आहे.

‘नागपुरी संत्रा’ म्हणून तुम्ही जे खाता त्यातला कितीतरी आमच्या वरूड-मोर्शीचा असतो. अमरावती जिल्हा. माझ्या बाबांची साडेतीनशे झाडं आहेत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करायचं, चार-पाच वर्षं पोरासारखं सांभाळायचं, आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळा सरतानाच्या फुलोऱ्याला, पाण्याचा ताण कधी तोडायचा यासाठी बाबा रोज जमीन खुरप्याने उकरून मुठीत माती दाबून पाहतात. मे महिन्यात टँकर. मग व्यापारी येऊन बाग उक्ती मागतो, माल ट्रकने जातो आणि पेटीवर शिक्का बसतो नागपूरचा. आमच्या गावाचं नाव पेटीच्या आतल्या कागदावरसुद्धा नसतं. डायवाल्या दादांनी लिहिलेलं वाचताना मला बाबाच दिसले.

खामल्याचा
ताई, हे काही पटलं नाही बुवा. नाव नागपूरचं आहे कारण दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही झाडं औरंगाबादहून नागपुरात आणली. इथून ती तुमच्याकडे पसरली. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच नावाला. काटोल, नरखेड, कळमेश्वर काय वाळवंट आहे का? नागपूरचं नाव नसतं तर दिल्लीत तुमच्या मालाला कोण विचारतं?

वरूडची
भोसल्यांनी आणली म्हणून सव्वादोनशे वर्षांनंतरही नाव त्यांच्या राजधानीचं, आणि आज डिंक्या रोगाने झाड वाळलं की रडायचं आम्ही! बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं आणि माल पडून राहिला तेव्हा नागपूर कुठे होतं? बाबांनी फळं शेताच्या धुऱ्यावर ओतली, मी उभी होते तिथे. नाव वाटून घेताना सगळे नागपूरकर. नुकसान वाटून घ्यायला एकही नाही.

खामल्याचा
आता तुम्ही अंगावर येऊन राह्यल्या. बांगलादेशाचं शुल्क काय खामल्यातून ठरवलं होतं का?

धरमपेठ_ते_पुणे
खामल्याचे भाऊ, त्यांनी फळं ओतलेली पाहिली आहेत आणि तुम्ही शिक्का राखत बसलात. जरा थांबा ना.

निवृत्त_कृषी
मी मध्ये पडतो. एकतीस वर्षं शेतकी शिकवली आहे.

बर्डीवर ‘नागपुरी’ म्हणून जो किन्नो विकला जातो, त्याची जन्मकथा या धाग्याला फार जवळची आहे. किन्नो कॅलिफोर्नियाचा आहे. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिंबूवर्गीय प्रयोग केंद्रात फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने 1915 मध्ये किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर केला आणि 1935 मध्ये ती जात लोकांना दिली. म्हणजे अक्षरशः कॅलिफोर्नियात डिझाइन! पण तिला मोठं केलं पंजाबच्या शेतकऱ्यांनी, दोन्हीकडच्या पंजाबच्या. अबोहरच्या बागाइतदाराने पाणी, छाटणी, तोडणी बसवली म्हणून ते फळ आज आपल्या चौकात येतं. फळावर ना रिव्हरसाइड लिहिलेलं असतं ना अबोहर. ठेलेवाला पाटीवर ‘नागपुरी’ लिहितो आणि विकतो.

ओळखायचं असेल तर साल बघा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठा घातला की मोकळी सुटते, फोडी सहज वेगळ्या होतात. किन्नोची साल घट्ट, चकचकीत, आणि बिया भरपूर.

वरूडच्या ताई, तुमच्या वडिलांच्या हातातली ती मातीची मूठ मी मुलांना शिकवायचा प्रयत्न केला. पुस्तकातून ती येत नाही.

बर्डी_मोबाइल
म्हणजे तो साहेब माझ्याकडे कॅलिफोर्नियाच्या डिझाइनचा भारतात जुळलेला फोन नको म्हणाला, अन् समोरच्या ठेल्यावर कॅलिफोर्नियाच्या डिझाइनचं पंजाबात पिकलेलं फळ नागपुरी समजून घेऊन गेला. मास्तर, हे मी दुकानात सगळ्यांना सांगणार.

खामल्याचा
किन्नोचं माहीत नव्हतं, तेवढं मानतो. वरूडच्या ताई, धुऱ्यावर ओतल्याचं वाचून वाईट वाटलं. पण नाव नागपूरचंच राहणार. पेटीवर गाव छापा म्हणत असाल तर त्याला माझी ना नाही.

वरूडची
तेवढंच म्हणत होते मी.

धरमपेठ_ते_पुणे
मूळ विषयावर येतो. ती जाहिरात तेव्हा अमेरिकेतही फार कोणाला भिडली नव्हती. जाहिराती तपासणाऱ्या एस मेट्रिक्स कंपनीच्या चाचणीत 489 गुण मिळाले, ॲपलच्या आधीच्या वर्षभरातल्या 26 जाहिरातींत सर्वांत कमी. मला वाटतं लोकांना वस्तू बघायची होती आणि कंपनी स्वतःची सही दाखवत बसली. 1984 ते 1992 हीच कंपनी कॅलिफोर्नियातच, फ्रिमाँटला, मॅकिंटॉश बनवत होती. तेव्हा आखणारा आणि घडवणारा एकाच राज्यात होते. पुढे कारखाना गेला आणि सही तेवढी उरली.

तरीही डिझाइन हे वेगळं कौशल्य आहे आणि नागपुरात ते व्हायला हवं, यावर मी ठाम आहे. नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली माझी सगळी मित्रमंडळी बाहेर आहेत. मीही.

दादा, एक कबूल करतो. माझ्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नावांच्या चौकटीत, तीन रकाने असतात: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. टूलमेकरचा रकाना नाही. नऊ वर्षं त्या चौकटीत नाव टाकतोय, आणि हे आज तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. तुमच्यासाठी म्हणून नाही, पण चौथा रकाना घालणार आहे.

हिंगणा_डायवाला
माझ्यासाठी नकोच. माझ्या पॉलिशवाल्या काकांचं नाव टाक.

तुझ्या आईच्या अंगठ्याचं वाचून मीही थांबलो. ते काम मला जमलं नसतं, हे लिहितो. त्या पोराच्या स्क्रूवरचा राग मात्र तसाच आहे, अन् तो त्याले भेटून सांगणार.

नवीन पार्ट फ्रीझ करायच्या आधी एकदा हिंगण्याले ये. भिंतीला निदान एक अंश ठेव. अन् येताना फाइल स्टेपमध्ये, म्हणजे थ्रीडीत आण, पीडीएफ नको.