एसएस 420 हार्डनिंगचं तापमान: ग्रेड एकच, हार्डनेस दोन! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. पंपाच्या 25 मिमी पिना करतो, एसएस 420 (कडक करता येणारं स्टेनलेस स्टील) मध्ये. ड्रॉइंगवर हार्डनेस 48 ते 52 एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) आहे.

परवा हीट ट्रीटमेंटहून 60 नग आले. 1000 अंशाला हार्डनिंग, तेलात क्वेंच (बुडवून झटकन थंड), मग 200 ला टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं). निम्मे 51 आले, बाकीचे 44 च्या पुढे जाईनात. कानस मारली तर एका पिनेवरून सरकन घसरते, शेजारच्या पिनेत दात रुततात आणि बारीक चुरा पडतो. भट्टी एक, चार्ज (एका वेळी भट्टीत घातलेला माल) एक.

रात्री टेस्ट सर्टिफिकेटं काढून बसलो. दोन हीट नंबर (स्टीलच्या ओतीव घाण्याचा नंबर) निघाले: एकात कार्बन 0.18 टक्के, दुसऱ्यात 0.32. ग्रेड दोन्हीकडे 420 च.

भट्टीवाले म्हणतात, नरम नग परत 1080 ला घालू. माझा धीर होत नाही. धातूचा आतला दाणा वाढून पिन ठिसूळ झाली तर? ग्राइंडिंगला फक्त 0.3 मिमी ठेवलंय, परत स्केल (तापवल्यावर चढणारी पापडी) धरलं किंवा वाक आला की माल भंगारात. दुसऱ्या एकाने सुचवलं, नव्याने हार्डनिंग करून 450 ते 500 ला टेम्पर कर, तिथे हार्डनेस थोडी चढते. पण पिन कायम पाण्यात असते, गंजली तर?

0.18 कार्बनला 48 मिळेल असं तापमान आहे का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा, डिलिव्हरी शनिवारी आहे.

प्रतिसाद:

दादा, 1000 बरोबरच होतं. 420 साठी साधारण 980 ते 1050 मध्येच राहायचं. हार्डनेस मुळात कार्बनमधून येते, 0.18 मध्ये 48 ची आशा धरू नका. 450-500 च्या तर वाटेलाच जाऊ नका. तिथे गंज रोखणारं क्रोमियम कार्बनशी जोडून कार्बाइडमध्ये अडकतं, मग पाण्यात गंज धरतो आणि पिन ठिसूळही होते.

420 ला अमेरिकन स्टँडर्डमध्ये कार्बन किमान 0.15 एवढीच अट आहे, म्हणून दोन्ही बार कागदावर पास. पुढच्या ऑर्डरवर 1.4028 (युरोपियन ग्रेड नंबर) लिहा, त्यात कार्बन 0.26 ते 0.35 असतो. तुमचा नरम माल 1.4021 मध्ये बसतो, 0.16 ते 0.25.

44 वाले नग लपवून पाठवू नका, ग्राहकाला आजच फोन करा. आणि बार कापायच्या आधी हीट नंबरप्रमाणे तोंडाला वेगळा रंग मारा, कापल्यावर तुकडे ओळखू येत नाहीत.