कंपवातात मेंदूच्या पेशी वाचवणारे औषध आहे का?

प्रश्न (परभणी):
माझ्या ६४ वर्षांच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे निदान झाले. कापूस वेचणीच्या हिशेबाच्या वहीत त्यांचे अक्षर दोन वर्षांपासून बदलत होते. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेले अक्षर शेवटी तिळाएवढे होई, पण आमच्या ते लक्षात आले नाही. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी हात बराच मोकळा झाला आहे, मात्र त्यांनी आजार थांबत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. एका नातेवाइकांनी पेशी वाचवण्यासाठी कोएन्झाइम क्यू१०च्या महागड्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का?

उत्तर (लातूर, औषधशास्त्राचा अध्यापक):
सुरू करू नयेत, असे माझे मत आहे. अमेरिका व कॅनडातील ६०० रुग्णांवर याच द्रव्याची चाचणी झाली आणि फायद्याची शक्यता दिसेना म्हणून ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. मधुमेहावरील एक्झेनाटाइड या औषधाकडून, पहिल्या छोट्या चाचणीमुळे, फार आशा होती. परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत तीही फोल ठरली. त्याच गटातील लिक्सिसेनाटाइड घेणाऱ्यांची हालचाल मात्र वर्षभर फारशी बिघडली नाही, असे २०२४ मध्ये १५६ रुग्णांच्या चाचणीत दिसले. फरक लहान होता, मळमळीचा त्रास पुष्कळांना झाला, आणि एवढ्यावरून पेशी वाचल्या असे म्हणता येत नाही.

मूळ अडचण अशी की, हाताला कंप सुटेपर्यंत मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या नष्ट झालेल्या असतात. म्हणूनच लक्षणांपूर्वीच आजार ओळखण्यासाठी, या आजारात मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या बिघडलेल्या रूपाचा माग काढणाऱ्या तपासण्यांवर आता भर आहे, आणि मला खरी आशा तिथेच वाटते.

उत्तर (अंबाजोगाई):
माझ्या आईला हा आजार होऊन नऊ वर्षे झाली. कॅप्सूलऐवजी व्यायामाकडे लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सांगेन. नुकतेच निदान झालेल्या १२८ रुग्णांच्या अमेरिकेतील अभ्यासात, दम लागेल इतक्या वेगाने ट्रेडमिलवर चालणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत जवळजवळ वाढली नाहीत. हृदयाची तपासणी करूनच वेग वाढवावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असते. गोळ्यांसोबत तिचे चूर्ण घेतल्यास मात्रा नकळत वाढते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. कॅप्सूल आणणार नाही. वडील ते चूर्ण रोज रात्री दुधातून घेतात आणि हे आम्ही डॉक्टरांना सांगितलेलेच नाही. आजच फोन करून सांगतो.