तारांसाठी उपदाढा काढल्याने वाढत्या मुलांची श्वासाची वाट अरुंद होते का?

पालक, टिळकवाडी (बेळगाव):
माझ्या १३ वर्षांच्या मुलीच्या दातांत दाटी आहे. तारा बसवण्याआधी चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढाव्या लागतील, असे सांगून कन्नड आणि इंग्रजीतले संमतिपत्र आमच्या हाती दिले आहे. मला हे मान्य नाही. पुढचे दात मागे ओढले की जिभेची जागा कमी होते, ती घशाकडे सरकते आणि ऐन वाढीच्या वयात श्वासाची वाट आखडते. त्याऐवजी टाळू रुंद करून सगळे दात राखावेत.

दंतवैद्य, निपाणी:
ताई, काळजी रास्त आहे, पण निष्कर्षाला पुराव्याचा आधार नाही. २०१५ साली अमेरिकेत सुमारे साडेपाच हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा चार उपदाढा नसलेल्यांमध्ये झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचे निदान अधिक आढळले नाही. टाळू रुंद करण्यासाठी बसवलेल्या पट्टीचा स्क्रू घरी किल्लीने थोडा थोडा फिरवला की टाळूची दोन हाडे मधल्या सांध्यात विलग होतात, आणि हीच हाडे नाकाचा तळ असल्याने नाकही रुंदावते, हे खरे. पण जबडा मुळात अरुंद असेल तरच हा उपाय करावा.

शिक्षिका, खानापूर:
डॉक्टर, त्या नोंदी प्रौढांच्या होत्या आणि त्यांत निदान झालेलेच रुग्ण मोजले गेले. घोरणारे कित्येक जण आयुष्यभर तपासणीलाच जात नाहीत. माझ्या वर्गात तोंड उघडे ठेवून श्वास घेणारी, पहिल्याच तासाला पेंगणारी मुले आहेत, आणि तारा लावताना त्यांच्या झोपेविषयी कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. खालचा जबडा आधीच मागे असलेल्या मुलाला सरासरीचा दाखला कसा पुरेल?

दंतवैद्य, निपाणी:
झोपेची चौकशी व्हायलाच हवी, आणि घोरणारे मूल आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कारण मूळ पुष्कळदा अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) किंवा टॉन्सिलमध्ये असते. मात्र उपचारापूर्वीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, मी मानत नाही. स्कॅन जागेपणीच्या एका क्षणाचा असतो, जीभ किंवा मान किंचित हलली तरी माप बदलते; शिवाय या वयात घसा आपोआप वाढतो आणि अ‍ॅडिनॉइड आक्रसते.

पालक, टिळकवाडी:
माझा विरोध अजून मावळलेला नाही. टाळूचे माप आणि झोपेची चौकशी या दोन्ही गोष्टी उपचाराच्या कागदावर येईपर्यंत मी सही करणार नाही. मात्र टाळूचा सांधा वयाबरोबर घट्ट होत जातो, म्हणून हा निर्णय मी वर्षभर लांबवणारही नाही.